पायाला लागून गेलेल्या दोन धावा

दिनू,

तुझ्या दहाव्याला मी जे बोललो ते मागे घेतो.

भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली पिंड मांडून आम्ही सगळे लांब उभे होतो आणि कावळा खाली यायला तयार नव्हता. कावळा होता. समोरच्या फांदीवर बसला होता, लग्नात मानपान न मिळालेल्या मामासारखा. तुझी शैला म्हणाली, "मुलीचं शिक्षण अर्धवट सोडणार नाही." त्याने मान दुसरीकडे वळवली. तुझे चुलते म्हणाले, "वाडी बिल्डरला देणार नाही रे, आप्पा आहेत तोवर नाही." त्याने पंखाखाली चोच घातली. पंपाची मोटर, गाभण म्हैस, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन, एकेकाने सगळं कबूल करून झालं. ऊन चढलं. वाळू तापली. मग भटजी माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही बोला. तुमचं-त्याचं काही राहिलं असेल."

आपल्या घरात माझं-तुझं काय राहिलंय हे कोणाला ठाऊक नाही? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झालो, हात जोडले आणि म्हणालो, "दिनू, पुढच्या वर्षीची बॅटिंग आमच्या वर्षापेक्षा चांगली होती. मान्य."

'मान्य' म्हणून होण्याआधीच कावळा खाली.

सगळ्यांनी श्वास सोडला. चुलत्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. परतीच्या वाटेवर कुमुद तेवढी म्हणाली, "पंधरा वर्षं धरून ठेवलेलं एका कावळ्यापुढे सोडलंत."

"बारा वाजून गेले होते," मी म्हणालो. "भूक लागली असेल त्याला."

पण दिनू, तिथे बोलायचं होतं ते वेगळंच होतं. हात जोडले तेव्हाही मला ते ठाऊक होतं. ते जड होतं म्हणून मी त्यातल्या त्यात हलकं उचललं. पिशव्या उचलतानाही माझं असंच असतं, कुमुद सांगेल, तुझीच बहीण. आता दहावा काही परत होत नाही आणि तो कावळा मला ओळख देणार नाही. म्हणून हे लिहितोय.

तुला यातलं सगळं माहीत आहे. पण तूच म्हणायचास, आधी नोंद, मग मत. तर आधी नोंद.

आपल्या कॉलेजला तेव्हा स्वतःचं मैदान नव्हतं. होती ती तुमच्या वाडीला लागून असलेली पडीक जागा. एका बाजूला रस्ता, एका बाजूला बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं ते तळं, आणि तिसऱ्या बाजूला बांबूच्या कुंपणापलीकडे आप्पांची केळी. मी टीमचा कप्तान होतो, कारण बॅट माझी होती. आप्पा त्या केळींचे कप्तान होते. पहिल्याच आठवड्यात माझे दोन फटके वाडीत गेले आणि पोसलेल्या लोंगरासकट एक केळ आडवी झाली. आप्पा कोयता घेऊन कुंपणाशी आले.

"कोन मारला?"

आम्ही अकराही जण बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकलो. माझ्या पायात तर चपला होत्या.

शेवटी तह झाला. चेंडू कुंपणावरून वाडीत गेला किंवा कुंपणातून आत घुसला, तरी चार नाहीत, सहा नाहीत, फक्त दोन. म्हणजे कोणाला हावच राहणार नाही, असा आप्पांचा हिशेब. दुसरं कलम तुझ्याबद्दल होतं. तू तेव्हा पहिल्या वर्षाला. आप्पा म्हणाले, "माझा पोरगा खेलनार नाय. सकाळची पान्याची पाली त्याची हाय. लिवायला बसवा पायजे तर."

म्हणून तू लिहायला बसलास. फुलस्केप वही, तांबड्या शाईने आखलेली पानं आणि कानामागे पेन्सिल. आम्ही दमून-भागून विचारायचो, "दिन्या, किती झाले?" आणि तू मान वर न करता सांगायचास. कोणी म्हणालं, माझी एक धाव राहिली बघ, तर तू एवढंच म्हणायचास, "ज्याची धाव त्याची साक्ष चालत नाही." एकोणीस वर्षांचा मुलगा. तुझ्यासमोर मला न्यायाधीशापुढे उभं केल्यासारखं वाटायचं, आणि मी कप्तान होतो.

बाहत्तरच्या उन्हाळ्यात माझं कॉलेज सुटलं. आणि पुढच्याच हंगामाला आप्पांनी त्या कडेला उंच जाळी मारली. केळी सुरक्षित, तह रद्द. चेंडू जाळीला लागला की चार. मागची तीच पोरं, त्यात माझ्याजागी एक काटकुळा मुलगा, आणि धावा बघाव्या तर दीडपट. तू दोन्ही वर्षांची वही समोर ठेवलीस. दोन्ही हंगामांत सामने तितकेच होते. तू अवांतर धावा वगळल्यास, म्हणालास, बॅटिंग मोजतोय तर बॅटीच्याच धावा. बेरीज मांडलीस आणि निकाल दिलास: पुढचं वर्ष सरस.

मी म्हणालो, "अरे, आमचे वाडीतले दोन म्हणजे त्यांचे चार. आमचे दुप्पट कर, मग बोल."

तू म्हणालास, "मिळाले किती?"

"दोन."

"मग दोनच लिहिणार."

"त्या पोरांच्या बॅटिंगमध्ये निम्मा हात तुझ्या बापाच्या जाळीचा आहे."

"असेल. जाळी काय मी मारली?"

इथून जे सुरू झालं ते या वर्षापर्यंत चाललं. मध्ये मी तुमच्या घरी मुलगी बघायला आलो. आप्पांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आत जाऊन तुझ्या आईला सांगितलं, "ह्योच तो. केली मोडनारा." तरी मुलगी दिली. मी कुमुदला एकदा विचारलं होतं, का दिली असेल. ती म्हणाली, "जाळी मारून झाली होती ना."

बारशाला आपलं दोन-चार, गौरीच्या जेवणाला दोन-चार, तुझ्या लग्नात तर मुंडावळ्या बांधलेला तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "भाऊजी, जाळी नसती तरी ते मुलगे रस्त्याकडे जास्त मारायचे, हे तुम्ही धरतच नाही." घरात त्याला नावच पडलं. "बायांनो, पानं वाढून घ्या, यांचं दोन-चार सुरू झालं." मुलं उठून जायची. आपणच दोघं उरायचो, मध्ये ताकाची वाटी.

आणि हे कधी बोललो नाही ते बोलतो. आमच्या कंपनीला टाळं लागलं ते आठ महिने आठवतात? नातेवाईक यायचे, आवाज खाली आणून बोलायचे, जाताना मुलांच्या डोक्यावरून हात फिरवायचे. मला दार उघडावंसं वाटत नसे. तू दर रविवारी यायचास. पिशवीत अळू, केळफूल, राजेळी केळी, आणि काखेत वही. बसल्या-बसल्या म्हणायचास, "तिसऱ्या सामन्यातले तुमचे एकवीस. त्यात दोन झेल सुटलेत, ते का नाही सांगत कोणाला?" मी उसळायचो. आठवड्यातून तेवढा एकदाच माझा आवाज चढायचा, आणि कुमुद म्हणते, त्या रात्री मी पोटभर जेवायचो. तू भांडायला आलास, दिनू. धीर द्यायला आला असतास तर मी आतून कडी लावली असती. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. तेव्हा मानले असते तर तू विचारलं असतंस, ते कुठल्या रकान्यात लिहू.

आता ते जड.

आमच्या वर्षाचा शेवटचा सामना. बाहेरची टीम. आपला पीटर आतेबहिणीच्या लग्नाला गेलेला. बँड आणि जेवण सोडून तो येणार नव्हता, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो. अकरावा माणूस नाही. मी तुला म्हणालो, "नुसता उभा राहा रे मैदानात. बॅटिंगची पाळी यायचीच नाही." ती आली. नऊ गडी बाद, जिंकायला दोन हव्या, मी एका बाजूला चाळिशीत नाबाद, आणि दुसऱ्या बाजूने तू येतोयस. पॅड एकाच पायाला, कारण दुसरं फाटलेलं. वही तू कुंपणावरून कुमुदच्या हातात दिली होतीस. ती वाडीच्या बाजूला पालथ्या घातलेल्या पाटीवर बसून लिहीत होती, आणि तिच्या मागे, केळींच्या सावलीत, आप्पा उभे होते. ते रोजच उभे असत. खेळ बघायला नव्हे, केळी बघायला.

पहिला चेंडू तू सोडलास. दुसऱ्याला तू बॅट खाली आणलीस, डोळे मिटून, असं माझं मत आहे. तुझं वेगळं असेल. टक् असा आवाज झाला. बारीक, पण लाकडाचा. मी समोर, नॉन-स्ट्रायकर, मला स्वच्छ ऐकू आला. चेंडू मागे सरकला, घरंगळत कुंपणाशी गेला आणि कुत्रं जायच्या भोकातून आत, वाडीत. तहाप्रमाणे दोन. सामना जिंकला.

अंपायर होते आपले इतिहासाचे सर. चष्मा जाड, कान त्याहून जाड. त्यांना काही कळलं नाही. त्यांनी मला विचारलं, "बॅटला लागला का रे?"

त्याच वेळी कुंपणामागून आवाज आला, "कोन मारला?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, "पॅडला लागला, सर. पायाला."

सरांनी गुडघ्याला हात लावून खूण केली. लेग बाय. कुमुदने कुंपणातून विचारलं, "दादा, कोणाच्या नावावर लिहू?" आणि तू बॅट काखेत धरून सांगितलंस, "कोणाच्याच नाही. अवांतरात टाक."

मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो, की मी तुला आप्पांच्या कोयत्यापासून वाचवलं. खेळायचं नाही म्हणून सांगितलेला मुलगा खेळतोय, आणि वर चेंडू घरच्याच केळीत. त्यात तथ्य आहे. निम्मं. उरलेलं निम्मं असं, की त्या संध्याकाळी पोरांनी मला खांद्यावर घेऊन बावखलाभोवती फिरवलं. शेवटपर्यंत उभा राहिलेला कप्तान. विजयाची धाव वही लिहिणाऱ्या पोराने मारली असती तर खांद्यावर कोण असतं? तुझं वजनही कमी होतं, त्यांना सोपं गेलं असतं. मी वरून तुला पाहिलं. तू पाटीवर बसून कुमुदचं अक्षर तपासत होतास. तुझ्या नावापुढे नाबाद, शून्य.

तू पुन्हा कधी बॅट धरली नाहीस. आपल्यात इतकं दोन-चार झालं, पण या दोनाबद्दल तू कधी अवाक्षर काढलं नाहीस, आणि मीही नाही. मला वाटायचं, विसरलास. दुसऱ्याची एक-एक धाव पंधरा वर्षं पाठ असलेला माणूस स्वतःची विसरेल, असं मला वाटायचं. वाटून घेणं सोयीचं होतं.

आणि मग ती शेवटची भेट.

नालासोपाऱ्याच्या आमच्या जागेत संध्याकाळी नळाला पाणी येतं. येतं म्हणजे अर्धा तास, तेही करंगळीएवढं. मी कामावरून येऊन बनियनवर पिंपापाशी बसलो होतो. तीन जिने चढून तू आलास. किती वेळ दाराशी दम खात उभा होतास. मी वजन वाढलं का म्हणून थट्टाही केली. पिशवीत केळी, काखेत वही.

"भाऊजी, एक विचारायचं होतं."

"आज नको रे."

"दोन मिनिटांचं आहे. त्या शेवटच्या सामन्याचं."

मी थकलेलो होतो, दिनू. दिवसभर साहेबाने कान खाल्लेले, पिंप भरत नव्हतं, आणि तू पंधरा वर्षांपूर्वीच्या धावा घेऊन आला होतास. हे कारण म्हणून सांगत नाही. नोंद म्हणून सांगतो. मी म्हणालो, "दिनू, जन्मभर दुसऱ्यांच्या धावा लिहिल्यास. स्वतः एक तरी काढलीस का? मग तू कोण आमची बॅटिंग मोजणार?"

स्वयंपाकघरात कुमुदच्या हातातलं भांडं थांबलं.

तू माझ्याकडे बघितलंस. अगदी तसंच, जसं त्या दिवशी खेळपट्टीवर बघितलं होतंस. मी तेव्हा खरं बोललो नाही. आताही नाही. तू म्हणालास, "लिहिलंय ते खरं, भाऊजी." केळी टेबलावर ठेवलीस. वही परत काखेत घातलीस. जिन्यात तुझी पावलं एकेका पायरीवर थांबत गेली ती मी ऐकत होतो, आणि पिंपही भरत होतं, म्हणून मी उठलो नाही.

तीन आठवड्यांनी चुलते निरोप घेऊन आले. त्या केळींतली शेवटची दोन तेव्हा काळी पडून टोपलीतच होती. मी ती टाकू दिली नाहीत. मग मुंग्या लागल्या आणि टाकली.

तेराव्याला शैलाने ती वही माझ्या हातात दिली, दुधाच्या पिशवीत गुंडाळून. म्हणाली, "ह्यांनी तसं काही सांगितलं नव्हतं. पण आत तुमचंच आहे सगळं."

घरी येऊन उघडली. तू आमच्या वर्षाचं सगळं नव्याने मांडलं होतंस, दिनू. पेन्सिलीने, शाईच्या आकड्यांच्या बाजूला. प्रत्येक सामना, वाडीत गेलेला प्रत्येक चेंडू, दोनाचे चार. पंधरा वर्षं नाही-नाही म्हणत होतास ते शेवटी बसून केलंस. शैला म्हणते, पावसाळ्यात तुला वाडीत जाववत नव्हतं, तेव्हा पडवीत बसून करायचास. मला वाटलं, मी जिंकलो. घाईने शेवटच्या पानावर गेलो. बेरीज: आमचं वर्ष तीन धावांनी कमी.

तीन. दुप्पट करूनसुद्धा. मी हसलो. कुमुद म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "तुझ्या भावाने मला मेल्यावर हरवलं." आणि मग हसू थांबेना, आणि ते हसू नव्हतंच हे तिला माझ्याआधी कळलं, तिने वही माझ्या हातातून काढून घेतली.

तिनेच दाखवलं. शेवटच्या सामन्याचं पान. अवांतराच्या रकान्यात तिच्या शाळकरी अक्षरातले ते दोन. त्याभोवती तू पेन्सिलीने गोल काढला होतास. समासात तुझं बारीक अक्षर: 'भाऊजी समोर होते. त्यांना विचारायचं. लागला म्हणाले तरच धरायचे.'

तरच.

ते दोन तुझे धरले आणि इतरांसारखे चार केले, तर तीन भरून एक वर येते. आमचं वर्ष एका धावेने पुढे. तो हिशेब तुला येत नव्हता असं नाही. तो मांडून झाला होता. अडलं होतं ते साक्षीपाशी. ज्याची धाव त्याची साक्ष चालत नाही, म्हणून तू तीन जिने चढून आलास. मला जिंकून द्यायला आला होतास. त्यासाठी मी फक्त 'लागला' म्हणायचं होतं. दोन मिनिटांचंही काम नव्हतं.

लागला होता, दिनू.

मला ऐकू आला होता. तेव्हाच. त्यानंतर कित्येकदा ऐकू आला आहे, भांडी घासताना, कोणी चाळीत पाट आपटला की. लाकडाचा आवाज होता. पायाचा आवाज असा येत नाही, हे मला पंधरा वर्षं ठाऊक आहे.

कुमुदने वही मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. पण दादाच म्हणाला, अवांतर."

"मी म्हणालो म्हणून तो म्हणाला."

"हो," ती म्हणाली. "तेही वाटलं होतं." आणि उठून कणीक मळायला गेली. त्या दिवशी पोळ्या चामट झाल्या. मी तक्रार केली नाही.

रविवारी आम्ही दोघं वाडीत गेलो. आप्पा जाळीशी खाटेवर बसले होते. जाळी आता गंजली आहे, पलीकडच्या मैदानावर कोणीतरी खडी आणून टाकली आहे. हल्ली त्यांना मोठ्याने सांगावं लागतं. मी जन्मात पहिल्यांदा त्या माणसाला त्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं.

"आप्पा, पीटर लग्नाला गेला होता त्या सामन्यात शेवटचा चेंडू वाडीत आला. आठवतं? तो दिनूने मारला होता. पायाला नव्हता लागला. मी खोटं बोललो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं.

"जोरात मारलेला?"

काय सांगू, दिनू. म्हाताऱ्या माणसाचा मुलगा गेलेला. जोरात म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण माझ्या त्याच खोट्यावर मी आणखी एक रचणार होतो का?

"नाही आप्पा. बॅटीची कड लागली. नुसती कड."

त्यांनी मान हलवली. जाळीकडे बघितलं, मग केळींकडे.

"माज्या केलीपर्यंत आला," ते म्हणाले, "म्हंजे बरा लागला व्हता."

मग स्वतःशीच, "खेलू द्यायला पायजे व्हता."

कुमुदने पदराचं टोक तोंडाशी धरलं. मी खाटेच्या पायाकडे बघत बसलो. बाजूला पंप चालू होता, पाटातून पाणी केळींना जात होतं, आता तिथे पाळी धरायला मजूर ठेवला आहे.

तिथेच बसून आम्ही ती नोंद दुरुस्त केली. कुमुदच्या हाताने, कारण मूळ अक्षर तिचं. अवांतरातले दोन तिने एका रेघेने खोडले आणि तुझ्या ओळीत नेले. तिने मला विचारलं, "दोन की चार?"

मी कितीतरी वर्षांनी तुझ्या बाजूने बोललो. "मिळाले किती?"

"दोन."

"मग दोनच."

म्हणजे असं, की शाईच्या आकड्यांनी बघितलं तर पुढचं वर्ष अजूनही आमच्या खूप पुढे आहे, आणि तुझ्या पेन्सिलीने बघितलं तर आम्ही एका धावेने पुढे. कावळ्यासमोर मी जे मान्य केलं ते म्हणून मागे घेतोय. वाद जिथे होता तिथे आहे. जाळीचं काय, सुटलेल्या झेलांचं काय, रस्त्याकडच्या फटक्यांचं काय, सगळं तसंच आहे, आणि माझ्यासमोर ताकाची वाटी एकच. गौरीला काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. थकवा आलाय, दिनू. नुसतं बरोबर असण्याचाही थकवा येतो, हे मला माहीत नव्हतं. समोर कोणी नाही म्हणणारं लागतं.

वही मी शैलाला परत केली. तुझ्या मुलीची आहे ती. तिने ते पान उघडून विचारलं, "बाबा खेळायचे?"

मी सांगितलं, "एकदा खेळला. शेवटी आला, आणि कोणाला बाद करता आला नाही." तिने बोट ठेवून तुझी ओळ वाचली. कुमुदने खालून स्वच्छ लिहिलं आहे, आप्पांनी साक्षीला आपला अंगठा दिला आहे, आणि त्याखाली माझी सही, पंधरा वर्षं उशिराची.

दिनकर, नाबाद दोन.